वाजणारे बूट: क्लबच्या ट्रंकेत सापडलेल्या एका गोल्फपटाचं प्रकरण

पार्श्वभूमी

दख्खनच्या पठारावरचा एक जुना गोल्फ क्लब. नाव सांगत नाही, आणि ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत. पावसाळ्याआधी क्लबहाउसचं छप्पर दुरुस्त करायला काढलं तेव्हा माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक निघाली. आत करंडक घेतलेल्या साहेबांचे फोटो, स्कोअरकार्डांची बाडं, वाळवीनं अर्धवट खाल्लेलं एक रजिस्टर, आणि तळाशी एक चपटा गोल डबा. डब्यावर चिकटपट्टी होती. तिच्यावर इंग्रजीत शाईनं लिहिलेल्या तीन शब्दांपैकी दोनच वाचता येत होते: ‘गोल्फ’ आणि ‘हॉलिवूड’.

डब्यात १६ एमएम रुंदीच्या फिल्मचं रीळ होतं, म्हणून क्लबच्या सचिवांनी आम्हाला फोन केला. आम्ही म्हणजे एक छोटी फिल्म सोसायटी. जुने प्रोजेक्टर चालू ठेवण्याचा नाद असलेली चार-पाच डोकी आणि सायकलच्या दुकानामागची एक खोली, एवढाच पसारा. सचिव लष्करातून निवृत्त झालेले, सगळे त्यांना कर्नलसाहेब म्हणतात. तीन आठवड्यांवर क्लबचा वार्षिक बक्षीस समारंभ होता आणि त्या रात्री हे रीळ दाखवायचं, हे त्यांनी मनाशी पक्कं केलेलं होतं. रिळात काय आहे हेही त्यांच्या मनात पक्कं होतं. “बॉबी जोन्स आहे हा. नटनट्यांना गोल्फ शिकवतो ना, ती मालिका. दुसरं काय असणार?”

अंदाज अगदीच हवेतला नव्हता. १९३० मध्ये जोन्सनं ब्रिटन आणि अमेरिकेच्या ओपन व अमॅच्युअर अशा चारही स्पर्धा एकाच वर्षात जिंकल्या आणि त्याच नोव्हेंबरात, वयाच्या २८व्या वर्षी, स्पर्धात्मक गोल्फ सोडलं. त्यानंतर वॉर्नर ब्रदर्सनं त्याला घेऊन १९३१ मध्ये १२ लघुपट काढले आणि १९३३ मध्ये आणखी ६. प्रत्येक साधारण दहा मिनिटांचा. जेम्स कॅग्नी, लोरेटा यंग, जो ई. ब्राउन, एडवर्ड जी. रॉबिन्सन अशी मंडळी मैदानावर धडपडायची आणि जोन्स शांतपणे त्यांचा हात धरून पटर किंवा आयर्न, म्हणजे गोल्फच्या वेगवेगळ्या काठ्या, कशा चालवायच्या ते दाखवायचा. दिग्दर्शक जॉर्ज मार्शल विनोदी चित्रपटांत मुरलेला होता, त्यामुळे धडा आणि थट्टा दोन्ही एका रिळात बसायचं. जोन्सचं नाव काढलं की जुने गोल्फर खुर्चीत जरा सरळ बसतात. समारंभाच्या पत्रिकेत ते नाव छापायचं होतं.

अडचण

डबा उघडला तेव्हा आंबूस वास आला. नाक मुरडायला लागेल इतका नाही, शेजारच्या खोलीत कोणी व्हिनेगरची बाटली उघडावी इतपत. १६ एमएमची फिल्म ॲसिटेटची असते, ३५ एमएमच्या जुन्या नायट्रेटसारखी ती पेट घेत नाही. पण ॲसिटेट उष्णतेत आणि दमटपणात कुजतं, त्यातून ॲसेटिक ॲसिड सुटतं, आणि सुटलेलं ॲसिड कुजण्याचा वेग आणखी वाढवतं. पत्र्याच्या छपराखालचा माळा, बंद डबा, किती उन्हाळे-पावसाळे गेले कोण जाणे. आमच्याकडे ॲसिड ओळखणाऱ्या कागदी पट्ट्या होत्या. निळी पट्टी डब्यात ठेवायची आणि दिवसभरानं पाहायची. दुसऱ्या दिवशी ती हिरवट झाली होती. पिवळी नव्हती, म्हणजे वेळ अजून गेली नव्हती.

मग आकुंचन मोजलं. त्याची सोपी रीत आहे. जुन्या फिल्मच्या १०० चौकटी नव्या कोऱ्या फिल्मला भोकाला भोक लावून शेजारी ठेवायच्या. एक टक्का आकुंचन झालं असेल तर शंभराव्या चौकटीपाशी बरोबर एका चौकटीचा फरक दिसतो. आमच्या रिळात फरक अर्ध्याहून थोडा जास्त आला. एकाच्या आसपास गेला की प्रोजेक्टरचे दात भोकं फाडू लागतात. म्हणजे एकदा, जपून, चालवता आलं असतं. किंवा एकदाच, शेवटचं.

कर्नलसाहेबांचा आग्रह नेमका तोच होता: क्लबचं रीळ, क्लबच्याच प्रोजेक्टरवर. प्रोजेक्टरही त्याच माळ्यावर सापडला होता, आणि आश्चर्य म्हणजे दिवा बदलल्यावर सुरू झाला. सगळे खूश. आमच्यातला एकजण रीळ चढवायला वाकला आणि थांबला. दातांच्या चाकाला दोन्ही बाजूंनी दात होते.

ज्यांनी १६ एमएम हाताळलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. मूकपटाच्या फिल्मला दोन्ही कडांना भोकं असतात. बोलपटाच्या फिल्मला एकाच कडेला, कारण दुसऱ्या कडेवर आवाजाची पट्टी छापलेली असते. मूकपटाच्या प्रोजेक्टरवर बोलपट चढवला तर दुसऱ्या बाजूचे दात सरळ त्या पट्टीत घुसतात आणि फिल्मभर भोकं पाडत जातात. आमचं रीळ उजेडात धरलं. एका कडेला भोकं, दुसऱ्या कडेला नागमोडी पांढरी रेघ. बोलपट. आणखी दोन सेकंद उशीर झाला असता तर हे प्रकरण इथेच संपलं असतं.

रिळात काय होतं

ओळख पटवायला आम्ही रीळ हातानं उलगडलं, भिंगातून पाहिलं. सुरुवातीची नामावली नव्हती. पहिल्याच चौकटीपासून मैदान. एक गलेलठ्ठ, ऐटबाज गृहस्थ, सोबत एक बाई, आणि कॅडी, म्हणजे खेळणाऱ्याची बॅग वाहणारा पोरगा. जोन्स कुठेच नाही.

गृहस्थ ओळखीचे निघाले: अमेरिकन विनोदी नट डब्ल्यू. सी. फील्ड्स. इथे जरा गुंता होता. फील्ड्स जोन्सच्या १९३३च्या मालिकेतही एका भागात आहे, म्हणजे कर्नलसाहेबांची आशा मावळत नव्हती. पण फील्ड्सचं स्वतःचं गोल्फचं नाटुकलं त्याहून खूप जुनं. मूळचा तो जगलर, वस्तू हवेत झेलण्यात वाकबगार. १९१८ मध्ये न्यूयॉर्कच्या रंगमंचावर त्यानं हे गोल्फचं सोंग पहिल्यांदा आणलं आणि पुढे ते आयुष्यभर पुरवून वापरलं: १९२६च्या एका मूकपटात, १९३०च्या ‘द गोल्फ स्पेशलिस्ट’ या वीस मिनिटांच्या बोलपटात, १९३४च्या एका मोठ्या चित्रपटाच्या शेवटी. तमाशातला सोंगाड्या ठरलेली बतावणी गावोगाव नेतो, तसंच.

मग यातलं आपलं कोणतं? आवाजाची पट्टी आहे म्हणून १९२६ बाद. १९३४च्या प्रसंगात भोवती बघ्यांची गर्दी आहे, आमच्याकडे बहुतेक वेळ तीनच माणसं. शिवाय मागचं आकाश आणि झाडं स्टुडिओतल्या पडद्यावर रंगवलेली, कळून येणारी. नेटवरच्या प्रतीशी चौकट चौकट ताडून पाहिली आणि शंका मिटली: १९३० सालचा ‘द गोल्फ स्पेशलिस्ट’. न्यू जर्सीत चित्रित झालेला, फील्ड्सचा पहिला बोलपट. पण तोही अर्धाच. बोलपटाच्या वेगानं १६ एमएम फिल्म मिनिटाला ३६ फूट धावते. आमचं रीळ ४०० फुटांचं, म्हणजे जेमतेम अकरा मिनिटं. हॉटेलातला पहिला भाग नाहीच, फक्त मैदान. ही गोष्ट आम्ही टिपून ठेवली आणि विसरलो. ते चुकलं, पण त्याचं पुढे येईल.

गोष्ट अशी काही नाहीच. फील्ड्स त्या बाईंना गोल्फ शिकवायला निघतो. शॉट घ्यायला उभा राहतो आणि काहीतरी आडवं येतं. कॅडीचे बूट करकरतात. कॅडीनं आणलेल्या खाऊचा कागद चुरचुरतो, मग तोच कागद हाताला, बुटाला, गोल्फच्या काठीला चिकटत राहतो. दांडे वाकतात. शॉट काही लागत नाही. ज्या खेळात समोरचा स्विंग करत असताना श्वाससुद्धा हळू घ्यायचा असतो, त्या खेळात एका पोरानं नुसतं उभं राहून केलेल्या आवाजांचा हा चित्रपट आहे.

कोणते पर्याय होते

कर्नलसाहेबांचा चेहरा उतरला. जोन्सच्या जागी विदूषक. तरीही त्यांनी कार्यक्रम रद्द केला नाही, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं.

पहिला निर्णय रिळाचा. आमचा आवाजी प्रोजेक्टर नेऊन एकदा चालवायचं, रीळ स्कॅन करून घ्यायचं, की नेटवरची प्रत दाखवायची? स्कॅनिंग तीन आठवड्यांत होणार नव्हतं. प्रोजेक्टरचा मोह मलाच सर्वांत जास्त होता. त्या यंत्राची खडखड, धुळीच्या कणांतून जाणारा झोत, ही नशा ज्याला आहे त्यालाच कळते. पण हिरवट पट्टी डोळ्यांसमोर होती. ठरलं असं की पडद्यावर नेटवरची पूर्ण प्रत, आणि रीळ काचेच्या पेटीत बघायला. हक्कांचा प्रश्न अडला नाही. आपल्याकडे चित्रपटाला प्रकाशनापासून ६० वर्षं संरक्षण असतं आणि ही मुदत कधीच उलटून गेलेली आहे. या निर्णयाबद्दल आजही खंत नाही.

दुसरा निर्णय भाषेचा, आणि खरी चूक तिथे झाली. सदस्यांना इंग्रजी येतं, पण फील्ड्स तोंडातल्या तोंडात, नाकातून बोलतो. १९३०चं ध्वनिमुद्रण, त्यात कुटुंबातली वडीलधारी माणसं आणि मुलं येणार. मी मराठी उपशीर्षकं सुचवली, दोन रात्रींचं काम होतं. समितीला ते रुक्ष वाटलं. क्लबमध्ये एक निवृत्त प्राध्यापक आहेत, सूत्रसंचालनाला नेहमी त्यांनाच बोलावतात. ते माइकवरून चालू चित्रपटाला मराठीत समालोचन करतील, अशी कल्पना पुढे आली. सगळ्यांना आवडली, खरं सांगायचं तर मलाही. मूकपटाच्या काळात पडद्याशेजारी उभं राहून गोष्ट सांगणारी माणसं असत, तो वारसा वगैरे मीच बैठकीत बोललो. मूकपटाच्या काळात, हे माझ्याच वाक्यात होतं, पण ते माझ्या कानात शिरलं नाही.

तिसरा प्रश्न कॅडींचा. क्लबवर तीसेक कॅडी, बहुतेक आजूबाजूच्या वाड्यांवरचे. काहींचे वडीलही इथेच बॅग उचलायचे किंवा ‘आगेवाला’ म्हणून बॉल कुठे पडतो ते पाहायला पुढे धावायचे. आमच्यातल्या एकीनं विचारलं, चित्रपटच कॅडीवर आहे, तर त्यांना बोलवायचं ना? समितीत चुळबुळ झाली. एका सदस्यानं कायदा काढला: सार्वजनिक प्रदर्शनाला सेन्सॉरचा दाखला लागतो, आपला कार्यक्रम सदस्यांपुरता खासगी आहे, बाहेरचे आले तर तो सार्वजनिक होईल. क्लबच्या नोंदवहीत ज्यांची नावं आहेत ते बाहेरचे कसे, असं आम्ही म्हणायला हवं होतं. सदस्य, कर्मचारी आणि निमंत्रित अशी नावांची यादी करून निमंत्रणं काढली असती तर त्या आक्षेपातली हवा गेली असती. आम्ही पाहुणे होतो, गप्प बसलो. कर्नलसाहेब एवढंच म्हणाले, “बघू नंतर त्यांचं.”

समारंभाची रात्र

बक्षिसं झाली, सूप झालं, दिवे मंदावले. हॉटेलातला भाग सुरू झाला. सुमारे नऊ मिनिटं लोक पडद्यावर आपली माणसं शोधत राहिले. कोणाचा नवरा कोण, हा गुप्तहेर कशाला चिडतोय. प्राध्यापकांनी किल्ला लढवला, दोन कोट्या जमल्याही. मग मैदान आलं.

समालोचन ऐकू यावं म्हणून ध्वनिवाल्या पोरानं चित्रपटाचा आवाज कमी केला होता. त्याचं काही चुकलं नाही, त्याला तसंच सांगितलेलं. परिणाम असा की कॅडी चालत आला आणि बूट वाजले नाहीत. प्राध्यापक म्हणाले, “हा पाहा आला आपला कॅडी, स्वारी अगदी ऐटीत!” त्यांच्या वाक्याखाली करकर बुडाली. फील्ड्सनं काठी उचलली, थांबला, मागे वळून रागानं पाहिलं. पुन्हा उचलली, पुन्हा थांबला. सभागृहात दोनशे माणसं एका जाड्या गृहस्थाला विनाकारण पुन्हापुन्हा मागे वळताना बघत होती. मी मागच्या भिंतीला टेकून उभा होतो, आणि घाम फुटणं म्हणजे काय ते तेव्हा कळलं. ध्वनिवाल्याकडे जाऊन चिठ्ठी देता आली असती, ‘माइक बंद, आवाज वर’. पंचवीस पावलं होती. गेलो नाही. स्टेजवर त्या गृहस्थांचा अपमान होईल, असं वाटलं.

टाळ्या पडल्या, सभ्यपणाच्या. एक ज्येष्ठ सदस्य जाताना म्हणाले, “जोन्स असता तर बरं झालं असतं.” प्राध्यापकांनी मात्र मला बाजूला घेतलं. “अहो, तो सारखा थांबत का होता? मला शेवटपर्यंत कळेना.” तालमीसाठी त्यांना चित्रपट मोबाइलवर पाठवला होता. त्यांनी तो पाहिला होता, पण घरात सगळे झोपलेले म्हणून आवाज बंद करून.

सोमवार

सोमवारी मैदान देखभालीसाठी बंद असतं, आणि त्या दिवशी कॅडींना दोन-चार होल खेळायची मुभा आहे. कर्नलसाहेबांनी ‘बघू नंतर’ खरोखर पाळलं, त्यांनीच फोन केला. कॅडींच्या शेडमध्ये, पार्किंगच्या मागे, चादर बांधली. छोटा प्रोजेक्टर, एक स्पीकर. समालोचन नाही, उपशीर्षकं नाहीत. आणि यावेळी ट्रंकेतल्या रिळाची आठवण ठेवून हॉटेल गाळलं, थेट मैदानापासून लावलं. ज्या कोणी ते ४०० फूट मैदानाचं रीळ तेवढं क्लबसाठी आणवलं होतं, त्याला आपल्या प्रेक्षकांना काय हवं ते आमच्याहून जास्त कळत होतं.

बूट वाजले. एक क्षण शांतता, आणि मग मागच्या बाकावरून कोणीतरी शेजाऱ्याच्या पायाकडे बोट दाखवलं. त्यानंतर पुढचं सगळं हशात बुडालं. कागद हाताला चिकटला तेव्हा एक पोरगा बाकावरून खालीच बसला. इंग्रजी वाक्यं कोणी ऐकत नव्हतं आणि कोणाचं काही अडलंही नाही.

यातलं मला सर्वांत आवडलं ते हसणं संपल्यानंतरचं. तिथे एक वयस्क कॅडी आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. चाळीसेक वर्षं बॅग उचलतायत. त्यांनी गंभीरपणे निदान केलं: “बूट नवे आहेत त्याचे. साहेबांनी दिलेले असणार. पहिले आठ दिवस वाजतातच. तेल द्यायला पाहिजे होतं.” एका तरुणाचं म्हणणं, पोरगा शिकाऊ आहे, बॅग कुठल्या खांद्याला घ्यायची तेही त्याला माहीत नाही. मग फील्ड्सच्या हाताकडे वळले. पकड बरोबर आहे, माणूस खेळलेला आहे, नाटक करतोय, यावर एकमत झालं. जगलरचे हात मामांनी पहिल्या नजरेत ओळखले. आमच्या टिपणात मात्र फील्ड्सच्या हातांबद्दल अवाक्षर नव्हतं.

कर्नलसाहेब शेडच्या खांबाला टेकून उभे होते. मामांनी विचारलं, “सर, शेवटी मारतो का तो बॉल?” कर्नलसाहेब म्हणाले, “नाही मारत, मामा.” “मग चांगलं आहे,” मामा म्हणाले.

आता वेगळं काय केलं असतं

रीळ न चालवण्याचा निर्णय पुन्हा तोच घेतला असता. ओळख पटवण्यात दिलेला वेळही वाया गेला नाही. समारंभाच्या पत्रिकेत चुकीचं नाव छापणं तरी त्यामुळे टळलं.

समालोचन करणार नाही. उपशीर्षकंही या चित्रपटाला बहुधा नकोत, फार तर तीन-चार वाक्यांना. विनोद कशात आहे हे आधी शोधायला हवं होतं, आणि त्यासाठी एक साधी चाचणी होती: एकदा आवाज बंद करून पाहायचा, एकदा डोळे मिटून ऐकायचा. डोळे मिटून ऐकलं असतं तर पहिल्या मिनिटात कळलं असतं. गंमत अशी की दोन्ही बाजूंच्या दातांचा तो प्रोजेक्टर आम्ही आवाजाची पट्टी वाचवायला थांबवला, आणि समारंभात तोच आवाज स्वतःच्या हातानं खाली केला.

कॅडींच्या निमंत्रणावर पहिल्याच बैठकीत लेखी बोललो असतो. तोंडी आक्षेपाला तोंडी उत्तर द्यायला गेलं की पाहुण्याची जीभ जड होते.

सध्या

रीळ आता क्लबच्या वातानुकूलित कार्यालयात आहे, हवा खेळेल अशा प्लास्टिकच्या डब्यात, बाकी कागदपत्रांपासून दूर. दर सहा महिन्यांनी पट्टी ठेवतो. मागच्या वेळी रंग तसाच हिरवट होता, वाढलेला नव्हता. स्कॅनिंगसाठी समितीनं पैसे मंजूर केले आहेत, अजून दिलेले नाहीत. डब्यावरची जुनी चिकटपट्टी आम्ही काढली नाही, खाली नवी लावली: फील्ड्स, १९३०, फक्त मैदानाचा भाग, बोलपट. ‘बोलपट’ खाली कर्नलसाहेबांनी लाल पेनानं दोन रेघा ओढल्या आहेत.